खुडबुडीचा कॉम्प्युटर

धाकट्याच्या लॅपटॉपवरून एका मोठ्या गिऱ्हाइकाला जी ई-मेल गेली, तिच्यात नुसते 'स' होते. पानभर स, मध्येच एक प्रश्नचिन्ह आणि पुन्हा स. गिऱ्हाईक सभ्य होतं. त्याने उलट टपाली विचारलं, "आपला मुद्दा कृपया स्पष्ट करावा." मुद्दा मांडणारी व्यक्ती सव्वादोन वर्षांची होती, आणि तोवर ती टेबलाखाली बसून लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत बिस्किट बसतं का ते पाहत होती. बसत होतं.

त्याच संध्याकाळी धाकट्याने घरात जाहीर केलं की पोरीला आता तिचं स्वतःचं काहीतरी घेऊन द्यायचं, नाहीतर धंदा बंद करून सगळ्यांनी स च्या पाढ्यावर पोट भरायचं. तिचं पाळण्यातलं नाव कागदोपत्री होतं, पण घरात कुणाच्या तोंडी नव्हतं. दिवसभर कुठे ना कुठे तिची खुडबुड चाललेली असे, म्हणून ती खुडबुडी. कपाटाच्या कड्या, नळाच्या तोट्या, आजीच्या चष्म्याची दांडी, जे हलतं ते हलवून बघायचं आणि जे हलत नाही ते हलेपर्यंत बघायचं, असा तिचा खाक्या होता.

कॉम्प्युटर कुठून घ्यायचा हा खरं तर प्रश्नच नव्हता. पोरीच्या सख्ख्या काकाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तेही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण दोघा भावांच्या वडिलांसमोर, तात्यांसमोर, त्या दुकानाचा विषय काढायची कुणाची छाती होत नव्हती. धाकट्याने शेवटी डोळे मिटून म्हणून टाकलं, "रविवारी दादाच्या दुकानात जाऊ. सगळेच." तात्यांचा पेपर तोंडासमोरून खाली आला नाही. पण त्यामागून 'नाही' असंही आलं नाही. आईने, म्हणजे खुडबुडीच्या आजीने, स्वयंपाकघरात जाऊन थोरल्याला फोन लावला आणि दबक्या आवाजात बातमी दिली, "नाही म्हणाले नाहीत!"

थोरल्याला त्या रात्री आनंदाने नीट झोप लागली नाही. त्याचं कारण त्याने बायकोलाही धड सांगितलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे तीन वर्षांचं सगळं उकरून काढायचं.

तात्यांचा लिफ्ट बसवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा होता. दोन्ही पोरं त्या ग्रीसच्या वासात लहानाची मोठी झाली. धाकटा त्यात रमला. थोरलाही बरीच वर्षं होता, हाताला चांगला होता, तात्या चारचौघांत तसं म्हणायचेसुद्धा. मग एक दिवस त्याने सांगितलं की आपण कॉम्प्युटरचं दुकान टाकतोय. तात्या म्हणाले, "लिफ्ट माणसाला वर नेते. तुझे डबे माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात." त्यावर थोरला म्हणाला, "तुमची लिफ्ट तरी काय, माणसाचे पायच घालवते." झालं. बाप बोलायचा बंद झाला. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही. रविवारी सगळे एकत्र जेवायचे, पण तात्या थोरल्याशी जे काही बोलायचे ते दुसऱ्यामार्फत. "त्याला सांगा, मीठ इकडे सरकव." मीठ थोरल्याच्या हाताशी, थोरला तात्यांच्या शेजारी, आणि निरोप मात्र आईवरून फिरून यायचा. लोकांना हसू यायचं. थोरल्यालाही सुरुवातीला यायचं. नंतर येईनासं झालं.

दुकानात तर तात्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी थोरल्याने काचा स्वतः पुसल्या, वायरींची भेंडोळी मागच्या खोलीत कोंबली, आणि पंख्याखाली तात्यांसाठी पाठ टेकायची खुर्ची मांडली. त्याची बायको, थोरली, बालवाडीत शिकवायची. तिने कंबरेवर हात ठेवून हा सगळा सोहळा पाहिला.

"पोरीसाठी इतकं चाललंय?" तिने विचारलं.

"पोरीसाठीच," थोरला म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "मग माझं मत आधीच सांगून ठेवते. सव्वादोन वर्षांच्या पोराला कॉम्प्युटरच नको. माती द्या, पाणी द्या."

"ते मत आज नको मांडूस, माझे आई."

"आजच मांडणार," थोरली म्हणाली.

अकराच्या सुमाराला वरात आली. पुढे खुडबुडी, तिच्या मागे तिला धरायला धावणारी धाकट्याची बायको, धाकटी, मग धाकटा, मग आई, आणि सगळ्यांत मागे, आपला या लोकांशी काही संबंध नाही अशा चालीने, तात्या. पायरीपाशी येऊन ते थांबले. काचेतून आत पाहिलं. खुर्ची पाहिली.

"त्याला सांग," तात्या आईला म्हणाले, "आत गुदमरतं. खुर्ची बाहेर दे."

आईने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने खुर्ची उचलली आणि फूटपाथवर नेऊन ठेवली. तात्या तिच्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. आले तर होते, पण आले नव्हते.

आत मात्र रणधुमाळी लगेच सुरू झाली. आईला एका फळीवर गुलाबी प्लास्टिकचा खेळण्यातला कॉम्प्युटर दिसला. झाकण उघडलं की तो गायचा. "हाच घ्या," आई म्हणाली, "किती गोड आहे!" धाकटी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी मागची बारीक अक्षरं वाचायची. तिने खेळणं उलटं केलं, वाचलं आणि म्हणाली, "याचा आवाज कमी होत नाही." त्यावर धाकट्याने ते तिच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवलं, आणि जरा मागे सरकवूनच ठेवलं.

"टॅब घेऊ," तो म्हणाला. "जाड रबरी कव्हरवाला. आपटला तरी फुटत नाही. हातात दिला की तासभर घरात शांतता."

"हेच!" थोरली म्हणाली. "शांतता कुणाला हवीय? पोरीला की तुम्हाला?"

"मला," धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला.

"मला वाटतं, एक साधा लॅपटॉपच घ्यावा," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणजे ती मोठी झाल्यावरही चालेल. आणि मधल्या काळात पडून राहायला नको, तर मी वापरीन."

"मधला काळ किती?" थोरलीने विचारलं.

"असेल पंधरा-एक वर्षं."

सगळे हसले, धाकटीसकट. पण हसता हसता पक्षांतरही झालं. गाण्याचा आवाज कमी होत नाही म्हटल्यावर आई धाकट्याच्या बाजूला गेली आणि टॅबचं कव्हर कुठल्या रंगात मिळतं ते विचारू लागली. पोर तासभर गप्प बसणार या कल्पनेनेच धाकटी बिचकली आणि थोरलीला येऊन मिळाली. आता दोन विरुद्ध दोन झाले आणि सगळ्यांनी एकदम थोरल्याकडे पाहिलं.

थोरला दुकानदार होता. दोन्ही बाजूंना पटेल असं बोलणं त्याच्या पोटापाण्याचंच होतं. "मुद्दा असा आहे," त्याने सुरुवात केली आणि बोलता बोलता एक डोळा दाराबाहेर ठेवला. बाहेरून तात्यांची पाठ दिसत होती. पाठीने काही ऐकलं असेल असं वाटत नव्हतं. "ज्याला वापरायचंय त्याला विचारा. तिच्यासमोर ठेवून बघू, ती काय करते ते."

इतकी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. धाकट्याने खुडबुडीला मागच्या फळीखालून ओढून काढलं. तेवढ्यात तिने तीन माऊस एकमेकांना बांधून ठेवले होते. तिला काउंटरवर बसवलं. थोरल्याने नवाकोरा टॅब काढला, लहान मुलांचा एक खेळ सुरू केला आणि तिच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर एक भलंमोठं लाल बटण आलं, गोल, चकचकीत. दाबलं की बेडूक उडी मारायचा.

खुडबुडीने बोट लावलं. बेडकाने उडी मारली. आई म्हणाली, "अगं बाई!" धाकट्याने विजयी मुद्रेने थोरलीकडे पाहिलं.

पण खुडबुडीचं बेडकाकडे लक्षच नव्हतं. तिने लाल गोलावर पुन्हा बोट लावलं, या वेळी जोरात. मग अंगठा लावला. मग नखाने कड शोधली. टॅब उलटा केला, मागून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि काकाकडे मान वर करून म्हणाली, "कळ?"

"काय गं?" थोरला म्हणाला.

"कळ!" ती म्हणाली. बेडूक उड्या मारत होता. तिने टॅबवर थापट्या मारल्या. मग हात फ्रॉकला पुसले, पोटावर, आणि ओठ बाहेर काढून रडायच्या बेतात म्हणाली, "कळ! कळ!"

धाकटीचा चेहरा उतरला. "पोटात कळ येतेय तिच्या," ती म्हणाली. "बघा, पोटावर हात ठेवतेय."

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. ती काय म्हणत होती हे कुणालाच आठवलं नाही, पण आता त्या वादाची वेळ नव्हती. "सकाळी निघताना नीट खाल्लं नाही तिने."

"बिस्किटं खाल्लीत," धाकटा म्हणाला. "कागदासकट खाल्ली असतील."

खुडबुडीला काउंटरवर आडवं केलं. धाकटीने पोट दाबून पाहिलं. उजवीकडे दाबलं तर ती ओरडली, डावीकडे दाबलं तर आणखी ओरडली, आणि दाबलं नाही तर सगळ्यांत जास्त ओरडली. "कळ! कळ! काका, कळ!" आईने तिचे तळवे चोळायला घेतले. धाकटी पर्समधले थेंब शोधता शोधता अर्धी पर्स काउंटरवर ओतून मोकळी झाली. थोरली म्हणाली, "दोन मिनिटं पडद्यासमोर बसली, बघा काय झालं." धाकटा म्हणाला, "पडद्याने पोट दुखत नाही, वहिनी," आणि गाडी आणायला निघाला. थोरल्याने डॉक्टरांचा नंबर फिरवला. एकीकडे फोन कानाला, दुसरीकडे पोरीच्या कपाळावर हात, आणि मनात एकच विचार, की आज तात्यांना इथवर आणलं आणि हे काय होऊन बसलं.

"अरे, सोडा त्या पोरीला!"

आवाज दारातून आला. सगळे थिजले. तात्या पायरी चढून आत आले होते. नुसते आले नाहीत, तर धाकट्याला बाजूला सारून, आईचा हात दूर करून थेट काउंटरपर्यंत आले आणि त्यांनी खुडबुडीला उचलून उभं केलं. ती लगेच थांबली. "आबा, कळ नाई," तिने तक्रार केली, नाक ओढत.

"नाही ना? नाहीच आहे," तात्या म्हणाले. मग सगळ्यांवरून नजर फिरवली. "पोट कुठलं दुखतंय तिचं? तिला कळ पाहिजे. कळ! दाबायची. बोटाखाली खाली जाते, टक् वाजते आणि वर येते, ती. तुमच्या या पाटीला एक कळ नाही. नुसतं कळेचं चित्र काढून ठेवलंय आणि पोरीला सांगतायत दाब!"

धाकटीच्या हातात थेंबांची बाटली तशीच होती.

आणि तात्या थोरल्याकडे वळले. आईकडे नाही, धाकट्याकडे नाही, सरळ त्याच्याकडे. "तुलासुद्धा कळलं नाही?"

थोरल्याच्या कानात डॉक्टरांचा फोन 'हॅलो, हॅलो' करत होता. त्याने तो बंद केला. त्याचे कान लाल झाले. इतर कुणाला कळलं नाही तर समजण्यासारखं होतं. धाकट्याला बापाचा ओरडा कमीच बसायचा, तो अजूनही 'बटण'च म्हणायचा. पण थोरला? लहानपणी लिफ्टच्या कामावर तो एकदा 'बटण' म्हणाला होता, तेव्हा तात्यांनी त्याच्या डोक्यात टपली मारली होती. "बटण सदऱ्याला असतं. यंत्राला कळ असते." त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. वरच्या मजल्याची कळ, खालच्या मजल्याची कळ, थांबवायची लाल कळ. पोर दिवसभर आजोबांसोबत घरामागच्या लिफ्टच्या सामानाच्या शेडमध्ये असते, तिथे भिंतीवर मजल्यांच्या कळांची जुनी पट्टी लावलेली आहे, ती दाबून दिवे लावते, हे सगळं त्याला माहीत होतं. आणि तरी त्याने तिचा शब्द ऐकून डॉक्टरांना फोन लावला. त्याला लाजही वाटली आणि, खोटं कशाला बोला, आनंदही झाला. बापाने त्याला रागावलं होतं. समोर उभं राहून, तोंडावर.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा हं, तात्या."

तो मागच्या खोलीत गेला. खोकी सरकवल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तो धुळीने माखलेला एक जुना कीबोर्ड घेऊन बाहेर आला. एका बंद पडलेल्या कचेरीचं सामान त्याने विकत घेतलं होतं त्यातला. वीट उचलावी तसा जड. हल्लीच्या चपट्या कीबोर्डांसारखा नाही, उंच उंच कळांचा, आणि प्रत्येक कळ टक्कन वाजणारी. त्याने तो बाहीने पुसला, दुकानातल्या एका साध्या कॉम्प्युटरला जोडला, पडद्यावरची अक्षरं मुठीएवढी केली आणि खुडबुडीपुढे ठेवला.

तिने एक कळ दाबली. टक्. पडद्यावर मोठा क आला.

ती पडद्याकडे बघेना. कळ वर कशी येते ते बघत होती. पुन्हा दाबली. टक्. मग कळेकडून क कडे पाहिलं. क कडून कळेकडे पाहिलं. तिने शेजारची कळ दाबली आणि दुसरंच अक्षर आलं, तेव्हा तिने असा चीत्कार केला की समोरच्या सायकलवाल्याने वळून पाहिलं.

"बेडूकसुद्धा नाही त्यात," आई आश्चर्याने म्हणाली.

"नकोच आहे तिला बेडूक," तात्या म्हणाले. ते वाकून कळांचा आवाज ऐकत होते. लिफ्टमध्येही ते असेच कान लावून उभे राहायचे. "याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. पुन्हा थोरल्यालाच.

"कीबोर्ड."

"आपल्या भाषेत?"

"कळफलक."

तात्या सरळ झाले. "कळफलक?" त्यांनी शब्द तोंडात घोळवला. "मग आधी नाही का सांगायचं? मी तीन वर्षं समजतोय, तू बटणांचा धंदा करतोस!"

पहिल्यांदा हसली ती थोरली. मग कुणालाच आवरेना. आई पदराने डोळे पुसत हसत होती, आणि ते नुसतंच हसू होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

"यातली ही अडकतेय," तात्या म्हणाले. खुडबुडी एक कळ पुन्हा पुन्हा दाबत होती आणि ती अर्ध्यावरच राहत होती. "स्प्रिंग बसली असेल. पेचकस दे."

थोरल्याने पेचकस दिला. तात्यांनी कळेखाली टोक घातलं, डोळे बारीक केले, आणि एकदा चुकलं, दोनदा चुकलं. त्यांनी पेचकस थोरल्याच्या हातात परत दिला. "मला आता बारीक दिसत नाही. तू उचल, मी धरतो." थोरल्याने कळ अलगद उपटली. खाली स्टेपलरची वाकडी पिन निघाली. तात्या कळ दोन बोटांत धरून उभे, थोरला फुंकर मारतोय, आणि दोघांच्या मध्ये खुडबुडीचं डोकं, कारण कळेखाली काय असतं हे तिला सगळ्यांच्या आधी बघायचं होतं.

इतक्यात एक माणूस आत आला. "माऊस आहे का?" त्याने विचारलं. एकमेकांना बांधलेले तीन माऊस त्याला दिसले आणि तो जरा गोंधळला.

"बसा दोन मिनिटं," तात्या मान वर न करता म्हणाले. "आम्ही कामात आहोत."

कळ बसली. टक् वाजली. मग पुन्हा वाद सुरू झाला, पण आता त्यात दम नव्हता. थोरली म्हणाली, रोज थोडाच वेळ, आणि कुणीतरी मोठ्याने शेजारी बसायचंच. यावर सगळ्यांचं एकमत झालं. हे त्या घरात इतक्या क्वचित व्हायचं की सगळे थोडे अवघडलेच. धाकटा कॉम्प्युटरच्या वायरी काढू लागला. "मी गाडी लावतो पुढे. संध्याकाळपर्यंत घरी जोडून टाकू."

"घरी कशाला?" तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"घरी नेलं की तू त्याच्यावर बिलं करत बसशील. नाहीतर ही," त्यांनी धाकटीकडे बोट केलं, "पंधरा वर्षं वापरेल. इथंच असू दे. काही बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस आहे इथं."

हे सगळं ते बाहेर बसून ऐकत होते तर. धाकट्याने तोंड उघडलं. धाकटीने त्याचा दंड चिमटला. तो वायरी परत लावू लागला.

"आणि हिला आणणार कोण रोज?" आईने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण ते तिला ऐकायचं होतं.

"दुसरं कोण आहे रिकामं?" तात्या म्हणाले. मग थोरल्याकडे वळून, जरा घसा खाकरून विचारलं, "दुकान किती वाजता उघडतोस?"

"दहाला," थोरला म्हणाला.

"दहा? दहा म्हणजे दुपार! ही सातला उठून बसते. तोवर मी काय करू हिला घेऊन?" त्यांनी खुडबुडीला काउंटरवरून खाली उतरवलं. तिने त्यांचं बोट धरलं, त्यांनी तिला पायरीपर्यंत नेलं, आणि वळून म्हणाले, "उद्यापासून नऊला उघड."

थोरल्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण माऊसवालं गिऱ्हाईक अजून बसलेलं होतं.

"बरं, तात्या," तो म्हणाला.